गोव्यात लेखनावर घर चालवायचं तर

रविवार पुरवणीत लेख छापून आणणं तितकंसं कठीण नाही. पुरवण्यांना मजकूर हवाच असतो. कठीण आहे ते त्या मानधनावर महिना काढणं. त्यामुळे कामाची वाटणी सुरुवातीलाच करून टाका. वर्तमानपत्रातलं लेखन नाव होण्यासाठी, त्याला आठवड्याचा एक दिवस. उरलेले दिवस पैशाच्या कामाला: अनुवाद, देवस्थानांच्या आणि संस्थांच्या स्मरणिका, माहितीपटांच्या संहिता, होमस्टेवाल्यांचा मजकूर. गोव्यात अनुवादाला खात्रीची मागणी आहे. 1987 च्या राजभाषा कायद्यानं कोकणी राजभाषा झाली, तरी सरकारी कामात मराठी वापरायची मुभा त्याच कायद्यात आहे. त्यातच बरेचसे कागद मुळात इंग्रजीत तयार होतात. तिन्ही भाषा नीट येणाऱ्या माणसाला इथे काम शोधत फिरावं लागत नाही, फक्त तो आहे हे लोकांना कळावं लागतं.

दर मनाला वाटेल तसा सांगू नका, काढा. समजा, महिन्याला 40,000 रुपये लागतात. 22 दिवस रोज 4 तास लिहिलंत तर 88 तास होतात, पण फोन, मेल, दुरुस्त्या आणि रिकामे आठवडे वजा केले की पैसे मिळवून देणारे तास 60 च्या आसपास राहतात. म्हणजे तासाला सुमारे 667 रुपये. हजार शब्दांच्या अनुवादाला 4 तास लागत असतील तर शब्दाला 2 रुपये 67 पैसे पडले. हिंडून, दोघातिघांशी बोलून लिहायच्या तेवढ्याच शब्दांच्या लेखाला 6 तास लागले तर शब्दाला 4 रुपये. ही उदाहरणं आहेत, बाजारभाव नव्हेत. स्वतःचे तास दोन आठवडे वहीत टिपा आणि तेच आकडे इथे घाला. समोरच्यानं याहून कमी दर सांगितला तर निदान आपण किती तूट सोसतोय ते कळून सोसाल.

अनुवादात शब्द कुठले मोजायचे, मूळ मजकुरातले की मराठीतले, हे आधी ठरवा. विभक्तीचे प्रत्यय शब्दाला चिकटत असल्यामुळे मराठीत शब्द कमी भरतात आणि मोजणी मराठीवर झाली तर त्याच कामाचं बिल उतरतं. मूळ मजकुरावर मोजा. काम सुरू करायच्या आधीच रक्कम दोघांना कळते.

संपादकाला विषय सुचवताना ‘चतुर्थीवर लेख देऊ का?’ असं विचारलं तर उत्तर येत नाही, कारण चतुर्थीवर लिहिणारे पन्नास असतात. त्याऐवजी असं लिहा: ‘गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीला लागणारी रानफळं सत्तरी तालुक्याच्या रानातून फोंड्याच्या बाजारात कोण आणतं, त्यांना हाती काय उरतं, यावर 900 शब्द. दोन विक्रेत्यांशी आणि फळं गोळा करणाऱ्या एका कुटुंबाशी बोलून. चार छायाचित्रांसह, अमुक तारखेला देईन.’ विषय, शब्दसंख्या, माहिती कुठून येणार आणि तारीख एवढं आलं की पुरे. आपला परिचय दोन ओळींत, जुन्या लेखांचे दुवे दोनच. चतुर्थीच्या पुरवणीसाठी निदान सहा आठवडे आधी विचारा. दिवाळी अंकांसाठी मे-जूनमध्ये. आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, मग विषय दुसरीकडे न्या. एकच लेख दोघांना एकाच वेळी मात्र पाठवू नका. गोवा लहान आहे, दोन्हीकडे छापून आला की पुढचे दोन दरवाजे बंद.

मजकूर युनिकोडमध्येच द्या. जुन्या फॉन्टमधून रूपांतर केलेला मजकूर न तपासता पाठवणं ही नेहमीची गफलत. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जाते, त्यामुळे रूपांतरात ती भलत्याच अक्षरावर जाऊन बसते, रफारही सरकतो. जोडाक्षरं, रफार आणि अवतरणचिन्हं डोळ्यांखालून घालाच, शुद्धलेखन तपासनीस हे सगळं पकडत नाही.

स्मरणिकेच्या कामात सगळ्यात जास्त भांडणं दुरुस्त्यांवरून होतात. समितीत दहा जण, दहा मतं. म्हणून मेलमध्ये आधीच लिहा: दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात धरल्या आहेत, तिसऱ्या फेरीला तासाचा दर, सूचना एकाच माणसाकडून एकत्र येतील, 40 टक्के रक्कम आगाऊ. आगाऊ द्यायला कां-कूं करणारी समिती नंतर बिलालाही तेच करते, हे बहुधा खरं ठरतं.

हक्कांचं लोक विसरतात. तुम्ही नोकरीत नसाल तर लेखाचा स्वामित्वहक्क मुळात तुमचा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. ‘सर्व हक्क कायमचे’ अशी ओळ दिसली की वेगळा, वाढीव दर मागा, नाहीतर तेच लेख पुढे पुस्तकात घेताना परवानगी मागत बसाल.

बिल काम दिल्याच्या दिवशीच पाठवा. त्यात बिल क्रमांक, कामाचं नाव, शब्दसंख्या, दर, पॅन, खाते क्रमांक, आयएफएससी आणि पैसे देण्याची शेवटची तारीख. पॅन विसरलात तर टीडीएस, म्हणजे ग्राहक मानधनातून आधीच कापतो तो आयकर, 10 ऐवजी 20 टक्के कापला जाऊ शकतो. एप्रिल 2025 पासून एका ग्राहकाकडून वर्षाला 50,000 रुपयांवर व्यावसायिक मानधन गेलं की कापणीचा नियम लागतो. कापलेली रक्कम खरोखर भरली गेली का, ते आयकर पोर्टलवर, फॉर्म 26एएस या नावानं ओळखल्या जाणाऱ्या करजमा विवरणात, दर तिमाहीला बघा. वर्षाअखेर शोधायला गेलं की ग्राहकाकडचा लेखापाल बदललेला असतो. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तोवर देशातल्या ग्राहकांच्या कामासाठी जीएसटी नोंदणीची सहसा गरज नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मात्र करून घ्या. ती मोफत आहे, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी 45 दिवसांत, करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात, नाहीतर व्याज चढतं. बिलाच्या तळाशी उद्यम क्रमांक टाका. तक्रार करायची वेळ क्वचितच येते, तो आकडा पाहूनच हिशेब खातं फाइल पुढे सरकवतं.