पोकेमॉन गो: पात्र जागच्या जागी गरगरतं, एआरमध्ये पोकेमॉन बाजूला सरकतो

अँड्रॉइड फोन, त्यावर पोकेमॉन गो, म्हणजे बाहेर फिरत पोकेमॉन नावाचे प्राणी पकडायचा गेम. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर उभं राहिलं की नकाशावरचं पात्र आपोआप गोल फिरायचं. जागा बरोबर, दिशा मात्र भलतीच. एआर (कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यात पोकेमॉन दाखवणारी सोय) चालू केलं की पोकेमॉन स्क्रीनबाहेर पळायचा. कॅशे पुसली, गेम पुन्हा टाकला, लोकेशनची परवानगी तपासली, एआरची प्ले सर्व्हिस अपडेट केली. डोक्याला नुसता ताप!

शेवटी होकायंत्राचं अ‍ॅप उघडलं. समुद्र पश्चिमेला, आणि काटा तिथे उत्तर दाखवतोय! कारण फोनच्या पाकीटवजा कव्हरच्या झाकणातलं लोहचुंबक.

आधी कव्हर पूर्ण काढा. झाकण नुसतं मागे दुमडलंत तर चुंबक उलट फोनच्या दिशा ओळखणाऱ्या सेन्सरजवळ येतं. स्कूटर, लोखंडी रेलिंग यांपासून चार पावलं लांब जा. गूगल मॅप्स उघडून फोन हवेत आठच्या आकड्यासारखा सावकाश फिरवा. निळ्या ठिपक्यापुढचा झोत अरुंद होईपर्यंत थांबू नका, ही पायरी बरेचजण अर्ध्यात सोडतात. मग गेम रिसेंट अ‍ॅप्सच्या यादीतून पूर्ण बंद करून नव्याने उघडा.

स्कूटरवरचा चुंबकी मोबाईल होल्डरही हाच घोळ घालतो. पावसासाठी साधं प्लास्टिकचं पाउच बरं.