एआय एजंटच्या टूलवर लक्ष कसे ठेवावे

मालवण-तारकर्लीकडे होमस्टे चालवताना पर्यटकांच्या चौकशीसाठी एआय एजंट (प्रश्न समजून स्वतः उत्तर देणारी संगणक प्रणाली) वापरत असाल, तर भरतीची वेळ, हवामान किंवा गाडीचे वेळापत्रक तो बाहेरच्या सेवांकडून, म्हणजे टूलकडून मागवतो हे लक्षात घ्यावे. टूलने शिळी माहिती दिली तरी एजंट ती तितक्याच ठामपणे पर्यटकाला सांगतो, आणि त्या भरवशावर माणसे पाण्यात उतरतात.

सर्वप्रथम प्रत्येक विनंतीची नोंद ठेवावी: वेळ, टूलचे नाव, काय विचारले, काय उत्तर आले, किती सेकंद लागले. एजंटचे अंतिम उत्तर तेवढे साठवल्यास चूक एजंटची की टूलची, हे नंतर कळत नाही.

उघड बिघाड ओळखणे सोपे असते. टूलच्या उत्तरासोबत एक क्रमांक येतो: ४२९ म्हणजे विनंत्या मर्यादेबाहेर गेल्या, ५०३ म्हणजे सेवा तात्पुरती बंद. दोन्हींत थोडे थांबून, दर खेपेला थांबण्याचा काळ वाढवत पुन्हा विचारावे. ४०१ म्हणजे ओळख पटली नाही; ते आल्यास मात्र आपली परवान्याची किल्ली (टूल वापरण्यासाठी मिळालेला गुप्त संकेत, एपीआय की) तपासावी. खोलीच्या बुकिंगसारख्या कामात प्रत्येक विनंतीला स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि तो टूलने ओळखावा, म्हणजे पुन्हा विचारल्याने एकाच पाहुण्याचे दोनदा बुकिंग होत नाही.

खरी काळजी २०० या क्रमांकाची, म्हणजे ‘सर्व ठीक’ म्हणून आलेल्या चुकीच्या उत्तराची. येथे किनाऱ्यावरचे ज्ञान कामी येते. आपल्याकडे दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरती रोज साधारण ५० मिनिटे उशिरा येते. उधाणाच्या (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासच्या) दिवसांत हा फरक कमी, भांगाच्या (अष्टमीच्या आसपासच्या) दिवसांत जास्त. टूलने आज आणि उद्या भरतीची एकच वेळ दिली, तर ते जुनेच उत्तर पुन्हा देत आहे असे समजून ते अडवणारा नियम लिहावा. रिकामे उत्तर केव्हा ठीक आणि केव्हा बिघाड, हेही अशाच ज्ञानातून कळते. समुद्राविषयी माहिती देणाऱ्या हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेची मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात मिळाली नाही, तर त्यात वावगे काही नाही. बंदी उठल्यावर, आकाश निरभ्र आणि समुद्र शांत असताना ती सलग येईनाशी झाली, तर चौकशी करावी.

याखेरीज, भरती-ओहोटीच्या छापील कोष्टकातून ज्याचे उत्तर आधीच माहीत आहे असा एक प्रश्न रोज सकाळी टूलला आपोआप विचारला जाईल अशी सोय करावी. ही तपासणी केवळ घरच्या संगणकावरून करू नये. पावसाळ्यात वीज किंवा नेटवर्क गेले की सगळीच टूल एकदम बंद पडल्यासारखी दिसतात, म्हणून बाहेरच्या सर्व्हरवरूनही ती चालवावी.

तपासणी लागोपाठ तीनदा फसली, तर ते टूल आपोआप बंद व्हावे आणि सूचना थेट मालकाच्या मोबाईलवर जावी. तोपर्यंत एजंटने पर्यटकाला ‘भरतीची वेळ आत्ता खात्रीने सांगता येत नाही, पाण्यात उतरण्यापूर्वी मालकांना फोन करा’ एवढेच सांगावे. अंदाजाने वेळ सांगण्याची मुभा त्याला अजिबात देऊ नये.