शोभेचा बेटाचा बांबू कसा ओळखावा

विदर्भातील वाचकाला मानवेल आणि कटांग हे दोन बांबू परिचित असतात. मानवेलीचे खोड बहुधा भरीव असते आणि कटांगाच्या फांद्यांवर काटे असतात, त्यामुळे बागेतील बांबूशी त्यांची गल्लत सहसा होत नाही. खरी गल्लत शोभेच्या जातींची आपापसांत होते, कारण बहुतेक जण केवळ खोडाचा रंग पाहून नाव ठरवतात.

प्रथम बुंधा पाहावा. बेटाने वाढणाऱ्या बांबूचा कंद आखूड व जाड असतो आणि त्याचे टोकच वर वळून खोड होते, म्हणून नवे कोंब जुन्या खोडांना लागून येतात. लांब पसरणाऱ्या कंदाच्या जातींचे कोंब मात्र मूळ झाडापासून दूर, सुटे सुटे उगवतात.

त्यानंतरची सर्वांत विश्वासार्ह खूण म्हणजे कोंबाला गुंडाळलेले आवरण. नागपुरात पाऊस स्थिरावल्यावर, साधारण जुलै-ऑगस्टमध्ये, नवे कोंब कमरेच्या वर गेले की हे आवरण ताजे मिळते. मे महिन्यात बुंध्याशी पडलेली वाळकी आवरणे ठिसूळ असतात आणि त्यांवरील लव झडलेली असते, त्यामुळे त्यांवरून निष्कर्ष काढू नये. अगदी तळाचे आवरण न घेता खोडाच्या मधल्या भागातील घ्यावे आणि तीन गोष्टी तपासाव्यात: पाठीवर लव आहे का, वरच्या कडेला दोन्ही बाजूंस कानासारखे कल्ले आहेत का, आणि टोकाचे पाते उभे आहे की मागे वळलेले. ती लव हाताला टोचते, म्हणून हातमोजे घालावेत.

पिवळ्या खोडावर हिरवे पट्टे असणाऱ्या दोन जातींचा उलगडा याच तपासणीने होतो. बांबुसा व्हल्गारिसच्या ‘व्हिट्टाटा’ या प्रकाराच्या आवरणावर गडद तपकिरी लव दाट असते, कल्ले मोठे व केसाळ असतात आणि पाते त्रिकोणी व उभे असते. बांबुसा मल्टिप्लेक्सच्या ‘अल्फॉन्स कार’ या प्रकाराचे आवरण गुळगुळीत असते, त्याची वरची कड एका बाजूला उतरती असते आणि कल्ले जवळजवळ नसतातच. शिवाय पहिल्याचे पूर्ण वाढलेले खोड मनगटाएवढे किंवा त्याहून जाड होते, तर दुसऱ्याचे अंगठ्याच्या जाडीच्या आसपास राहते व त्याच्या पानांची खालची बाजू फिकट रुपेरी दिसते. कोवळ्या रोपात जाडीचा उपयोग नाही. तेथे आवरणावरच भिस्त ठेवावी.

फुगीर कांड्यांच्या ‘बुद्धा बेली’ बांबूबाबत अधिक सावध राहावे लागते. या नावाखाली बांबुसा व्हेंट्रिकोसा आणि व्हल्गारिसचा ‘वामिन’ हा प्रकार, असे दोन्ही येतात. व्हेंट्रिकोसाची कांडी कुंडीत, पाण्याची व मातीची टंचाई असताना फुगतात. तोच बांबू जमिनीत भरपूर पाण्यावर लावला की उंच वाढतो आणि बरीचशी कांडी सरळ येतात. त्यामुळे फुगवटा दिसला नाही, एवढ्यावरून ती जात नाकारणे चुकीचे ठरेल. ‘वामिन’ची खालची कांडी जमिनीतही आखूड व फुगीर राहतात, आणि त्याच्या आवरणावर व्हल्गारिसची ती गडद लव सापडते, व्हेंट्रिकोसाचे आवरण गुळगुळीत असते.

खोडे सरळ, बेट दाट, पाने अतिशय अरुंद आणि वाळलेली आवरणे गळून न पडता खोडालाच चिकटून राहिलेली दिसली, तर तो थिरसोस्टॅकिस सियामेन्सिस असण्याचा संभव मोठा असतो.