ताटावर पहारा न ठेवता: वाढते वजन, मनाची भूक आणि नवरा-बायकोचा संसार

जोडीदाराचे वजन वाढू लागले की घरात सर्वांत आधी भाषा बदलते. "जेवलात का?" याऐवजी "आणखी एक भाकर?" असा प्रश्न येऊ लागतो. तो वरवर साधाच असतो, पण त्यातल्या 'आणखी'वर पडलेला जोर ऐकणाऱ्याला बरोबर कळतो. आमच्या घरात हे घडले ते २०२४ च्या सोयाबीनच्या हंगामात. यजमानांची परभणीच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आडत आहे. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना मोंढ्यात माल त्याखाली विकला जात होता, शेतकऱ्यांना दिलेली उचल अडकली होती आणि दिवसभर दोन्हीकडची बोलणी खाऊन हे घरी येत, पण त्यातले अक्षरही सांगत नसत. रात्री साडेदहाच्या सुमारास स्वयंपाकघरात शेवेच्या स्टीलच्या डब्याचे झाकण निघे. आवाज होऊ नये म्हणून ते अंगठ्याने दाबून धरत उघडलेले असे, आणि तरीही अंथरुणात मला ते ऐकू येई. नऊ महिन्यांत अकरा किलो वजन वाढले. त्या काळात मी जे बोलले त्यातले बहुतेक चुकीचे होते. पुढे जे लिहिले आहे ते काही डॉक्टरांकडून व समुपदेशकांकडून समजलेले आहे आणि उरलेले स्वतःच्या चुकांतून शिकलेले आहे.

भूक पोटाची की मनाची, हे आधी पाहावे

पोटाची भूक हळूहळू वाढते, समोर येईल ते चालवून घेते आणि पोट भरले की थांबते. शिळी भाकर आणि शेंगदाण्याची चटणीही तिला गोड लागते. मनाची भूक मात्र एकाएकी येते, तिला नेमका एकच पदार्थ हवा असतो, बहुधा तळलेला किंवा गोड, आणि खाऊन झाल्यावर तृप्तीऐवजी अपराधी वाटू लागते. ताण लांबला की शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढलेले राहते आणि तेलकट-गोड पदार्थांची ओढ वाढते. झोप अपुरी पडली तर त्यात आणखी भर पडते. त्यामुळे "मनावर ताबा नाही" हे वाक्य बोलायला सोपे असले तरी त्यातून उपाय काही निघत नाही.

आम्हाला उपयोगी पडली ती दोन आठवड्यांची वही. त्यात तीनच रकाने होते: किती वाजता खाल्ले, काय खाल्ले आणि त्याआधी काय घडले. कॅलरी मोजायच्या नाहीत, वजन लिहायचे नाही. चौदा दिवसांनी तिसरा रकाना वाचला, तेव्हा रात्रीच्या खाण्याआधी बहुतेक वेळा 'हिशेब' किंवा 'फोन' हाच शब्द लिहिलेला दिसला. ही वही ज्याची त्याची असावी. जोडीदाराने ती न विचारता उघडू नये. मी एकदा उघडली आणि पुढचे तीन दिवस तिच्यात काहीच लिहिले गेले नाही.

वहीतून आणखी एक गोष्ट बाहेर आली, जी मला कधी सुचली नसती. सकाळी दहाला न्याहारी केलेला माणूस लिलावाच्या गडबडीत दुपारी चारपर्यंत नुसत्या चहावर राहत होता, आणि त्या चहाच्या प्रत्येक कपात दोन चमचे साखर होती. इतका वेळ उपाशी राहिलेले शरीर रात्री वसुली करणारच. म्हणून पहिला बदल रात्रीच्या शेवेत केला नाही. एक वाजता दुकानात डबा पोहोचवायचा आणि संध्याकाळी मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे द्यायचे, एवढेच ठरवले. रात्रीचे खाणे निम्म्यावर यायला त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

डॉक्टरांकडे जाण्याआधी कोणालाही दोष देऊ नये

सगळे वजन खाण्यामुळे वाढत नाही. थायरॉइडचे काम मंदावले असेल, स्त्रीला पीसीओएसचा (बीजकोशांशी निगडित संप्रेरकांच्या बिघाडाचा) त्रास असेल, स्टिरॉइड, इन्सुलिन किंवा मानसिक आजारावरची काही औषधे चालू असतील, तरी वजन वाढते. थायरॉइडची, साखरेची आणि चरबीची तपासणी एकदा करून घ्यावी आणि चालू औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. भारतीयांसाठी बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा) २३ च्या वर गेला की वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल तर मधुमेह व हृदयविकाराचा धोका वाढतो. हे आकडे डॉक्टरांनी सांगावेत, नवऱ्याने किंवा बायकोने घरी टेप घेऊन सांगू नयेत.

बोलायचे कसे आणि केव्हा

जेवताना बोलू नये. चार माणसांत, लग्नात पंगतीला बसलेले असताना, मुलांसमोर किंवा सासूबाईंसमोर तर मुळीच बोलू नये. आणि थट्टेतही बोलू नये. "आमच्या ह्यांना आता दोन खुर्च्या लागतात" यावर सगळे हसतात, हसणाऱ्यांत तो माणूसही असतो, आणि त्याच रात्री डबा पुन्हा उघडतो.

बोलण्यासाठी चालण्याची वेळ मला सर्वांत बरी वाटते, कारण चालताना एकमेकांच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. आम्ही सकाळी सहाला कृषी विद्यापीठाच्या रस्त्याने निघतो. एप्रिल-मेमध्ये तर साडेपाचलाच, कारण नंतर ऊन उभे राहू देत नाही. वजनावर बोलण्याऐवजी आपल्याला काय दिसते आणि कशाची काळजी वाटते ते सांगावे. "तुम्ही फार खाता" असे न म्हणता, "अहो, महिनाभर तुम्ही रात्री नीट झोपत नाही, दुकानात काही अडले आहे का?" असे विचारावे. उत्तर लगेच येत नाही. मला ते चौथ्या दिवशी मिळाले आणि त्यात शेवेचा उल्लेखही नव्हता. किती रुपये अडकले आहेत तेवढे सांगितले.

खाणाऱ्यानेही आपल्या बाजूने एक वाक्य शिकावे: "मला आज बोलायचे नाही, पण माझ्याजवळ बस." मराठवाड्यातल्या पुरुषांना हे फार जड जाते. दुष्काळ पडो, भाव पडो, घरी आल्यावर तोंड मिटून बसायचे, अशीच अनेकांना सवय आहे.

मग मोठे भांडण. ते ज्या दिवशी झाले, त्या दिवशी मला स्कूटरच्या डिकीत फरसाणाची चार रिकामी पाकिटे आणि कुंथलगिरीच्या पेढ्यांचा रिकामा खोका सापडला. मला राग पेढ्यांचा आला नव्हता, लपवण्याचा आला होता. त्यांनी मात्र लपवले होते ते माझ्या चेहऱ्याच्या भीतीने. एकाने पहारा ठेवायचा आणि दुसऱ्याने चोरून खायचे, असा खेळ एकदा सुरू झाला की वजन मागे पडते आणि खोटे बोलण्याची सवय पुढे येते. त्या दिवसानंतर आम्ही ठरवले की मी ताटाकडे पाहून बोलणार नाही आणि त्यांनी काही खाल्ले तर ते उघड खावे: वाटीत काढून, बसून, दिवा लावून. शेव घरातून हद्दपार केली नाही. बंदी घातलेला पदार्थ मोंढ्याबाहेरच्या गाड्यावर मिळतोच. किलोऐवजी पाव किलो आणायला लागलो, एवढेच.

स्वयंपाकघर दोघांचे

एकासाठी वेगळे शिजवू नये. ते ताट शिक्षेसारखे वाटते. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत होते. हिशेब केला तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे नुसत्या तेलातून जवळपास ३४० कॅलरी. आता साडेतीन लिटर लागते आणि येसर आमटीवरची तर्री थोडी पातळ झाली आहे, त्याबद्दल कुरकुर ऐकावी लागते. ज्वारीची भाकर, हिरवी भाजी, वरण, ताक हे आपले नेहमीचे जेवण मुळात वाईट नाही. धपाटेही तव्यावर कमी तेलात होतात. त्यामुळे महागड्या पावडरी आणि महिन्यात दहा किलो उतरवण्याच्या जाहिराती यांच्या नादी लागण्याचे कारण नाही.

नातेवाईक

"माझ्या लेकाला उपाशी मारतेस का?" असे आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या तेव्हा मी उत्तर द्यायला गेले आणि प्रकरण चिघळले. आपापल्या आईला आपण समजवावे, हा नियम त्यानंतर ठरला. यांनी स्वतः "आई, डॉक्टरांनी सांगितले आहे" म्हटल्यावर तो विषय संपला.

इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. नवऱ्याचे पोट सुटले तर लोक त्याला खाऊन-पिऊन सुखी म्हणतात. बायकोचे वजन वाढले तर तेच लोक तिच्या रूपाचा हिशेब मांडतात. बाळंतपणात डिंकाचे आणि अळिवाचे लाडू आग्रहाने खाऊ घालायचे आणि सहा महिन्यांनी "अजून उतरली नाहीस" म्हणायचे, हे आपल्याकडे घरोघरी चालते. अशा वेळी नवऱ्याने गप्प बसणे म्हणजे टोमण्याला होकार देणे होय. त्याने तिथल्या तिथे, शांतपणे, "हा विषय पुन्हा काढू नका" एवढे म्हणावे. बाळंतपणानंतर उदासी, रडू येणे, झोप उडणे हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकले तर लाडू कमी-जास्त करत न बसता डॉक्टरांना दाखवावे. आणि टोमणे रोजचे झाले, त्यात अपमान, दुसरी बायको करण्याच्या धमक्या किंवा मारहाण आली, तर तो मामला आहाराचा राहत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा शाब्दिक आणि भावनिक छळही हिंसाचारातच धरतो. १८१ ही महिलांची मदतवाहिनी आहे.

वेगळ्या खोल्या

याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून थोडे स्पष्ट लिहिते. वजन वाढले की घोरणे वाढते, घोरण्यामुळे एक जण बाहेरच्या खोलीत झोपायला जातो, आणि आतला माणूस समजतो की आपण आता नकोसे झालो. जाणाऱ्याने कारण तोंडाने सांगावे. घोरता घोरता मध्येच श्वास थांबत असेल आणि दिवसा बसल्या जागी डोळा लागत असेल, तर तो स्लीप ॲप्निया असू शकतो. त्याची तपासणी आणि उपचार दोन्ही होतात. शरीराची लाज वाटून माणूस दिवा मालवतो, कपडे आडोशाला बदलतो, हात लावला की आक्रसतो. तेव्हा समजूत घालणारे भाषण करू नये. पूर्वी जशी सहज पाठीवर थाप पडे, हातात हात येई, तेवढे चालू ठेवावे. त्यापुढची घाई नको.

घरचे उपाय पुरे पडत नाहीत तेव्हा

थोड्या वेळात खूप खाणे, थांबता न येणे, नंतर स्वतःची किळस वाटणे, हे आठवड्यातून एकदा तरी आणि तीन महिने होत असेल, तर त्याला बिंज ईटिंग डिसऑर्डर म्हणतात आणि त्यावर समुपदेशनाने व औषधाने उपचार होतात. खाल्लेले मुद्दाम ओकून काढले जात असेल तर तीन महिने थांबूही नये. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. तिथे जाण्याचा संकोच वाटत असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी, मराठीतही बोलता येते.

घसरण पुन्हा होणार, हे धरूनच चालावे. आमचे सहा किलो उतरले आणि पुढच्या हंगामाच्या तोंडावर दोन परत आले. त्याच दिवसांत एका रात्री झाकणाचा तोच दाबलेला आवाज आला. मी उठून स्वयंपाकघरात गेले, दिवा लावला, फडताळातून दोन वाट्या काढून ओट्यावर ठेवल्या आणि विचारले, "आज कोणाचा फोन होता?"