स्कूबा करताना कुणाला त्रास झाला तर: होडीवरच्या माणसांसाठी

आम्ही मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात पर्यटकांना स्कूबासाठी, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर लावून, पाण्यात उतरवतो. खोली फार नसते, म्हणून नवे खलाशी म्हणतात, ‘एवढ्याशा पाण्यात काय होतंय?’ होतं. 10 मीटरवर फुप्फुसात भरून घेतलेली हवा वर येईस्तोवर दुप्पट फुगते. घाबरून श्वास कोंडून वर उसळलेल्याचं फुप्फुस दोन-तीन मीटरवरूनही फाटू शकतं.

धडपडणाऱ्याकडे समोरून जाऊ नका, तो गळ्यात पडेल. मागून सिलिंडरचं तोंड धरा, वर आल्यावर त्याच्या जॅकेटात हवा भरा, वजनाचा पट्टा सोडा.

होडीत घेतल्या घेतल्या श्वास बघा. बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्या. बुडालेल्याला पहिली हवा लागते. मग छातीवर 30 दाब, 2 श्वास, मदत येईपर्यंत. पोट दाबून पाणी काढत बसू नका.

श्वास चालू आहे, पण बोलणं अडखळतंय, एका हातात जोर नाही, थुंकीत रक्त आहे? सरळ उताणं झोपवा. बेशुद्ध असेल तर कुशीवर. पाय उंच करू नका. आणि लगेच ऑक्सिजन. पिशवीवाला मास्क, मिनिटाला 15 लिटर, पिशवी आधी फुगू द्या. ‘आता बरं वाटतंय’ म्हटलं तरी मास्क काढायचा नाही. 1500 लिटरचं सिलिंडर या वेगाने 100 मिनिटं पुरतं. ऑक्सिजन सिलिंडरची चावी दोरीने सिलिंडरच्याच मानेला बांधून ठेवा. रोज सकाळी होडी सुटण्याआधी ती फिरवून बघा, काटा बघा. तांडेलाच्या (होडीच्या प्रमुखाच्या) खिशातली चावी ऐन वेळी सापडत नाही.

एकाने 108 ला फोन करावा, समुद्रात असाल तर तटरक्षक दलाला 1554 वर. त्रास कमी व्हावा म्हणून पुन्हा पाण्यात उतरवणं साफ चूक.

मला सगळ्यात काळजी वाटते ती त्याच दिवशी परतणाऱ्यांची. सकाळी डाइव्ह आणि दुपारी गाडी काढून आंबोली घाटाने वर. घाटमाथा साधारण 690 मीटर उंच, तिथं हवेचा दाब कमी, त्यामुळे डाइव्हनंतर अंगात उरलेल्या वायूचे बुडबुडे फुगतात. सांधे दुखत असतील, मुंग्या येत असतील, अंगावर चट्टे उठले असतील तर दादा-ताईंना हात जोडून थांबवा, डॉक्टरकडे न्या. विमानाचं तिकीट असेल तर एका डाइव्हनंतर किमान 12 तास, जास्त केल्या असतील तर 18 तास जाऊ द्या.

रुग्णासोबत एक चिठ्ठी द्या: किती खोल, किती वेळ, वर कसा आला, ऑक्सिजन कधी लावला. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात ‘स्कूबा केलंय’ सांगा. रुग्णाचं हवेचं सिलिंडर आणि रेग्युलेटर (तोंडात धरायचं श्वासाचं यंत्र) धुऊ नका, तसंच बाजूला ठेवा, हवा तपासावी लागू शकते.