कॅम्पर व्हॅनचं फर्निचर: आधी शीट उचलून बघा

कॅम्पर व्हॅनसाठी, म्हणजे आत राहण्या-झोपण्याची सोय केलेल्या गाडीसाठी, प्लाय घ्यायला गेलात की शीट एका कोपऱ्यातून उचलून बघा. आठ बाय चारची १८ मिमी एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेली) शीट जवळपास ४० किलो भरते, त्याच मापाची १२ मिमी पॉपलर प्लाय (पॉपलर या हलक्या लाकडाची) १८ किलोंच्या आसपास. मी नाशिकजवळ सातपूरला घरांची कपाटं करतो, गाड्यांचीही. "भक्कम पाहिजे" म्हणत गिऱ्हाईक हमखास १८ मिमी मागतं. पण घरातलं कपाट भिंतीला टेकून उभं असतं. व्हॅनमधलं कसारा घाटाच्या प्रत्येक वळणावर हेलकावतं. तिथे जाड प्लायपेक्षा चौकट आणि जोड महत्त्वाचे.

चौकटीला मी २५ मिमीची चौकोनी ॲल्युमिनियम ट्यूब घेतो, पत्रा २ मिमी. मीटरला अर्धा किलो वजन. कोपऱ्यांना अँगल लावून रिव्हेट मारायचे. बाजूंना ६ मिमी प्लाय पुरते. जिथे माणूस बसणार-झोपणार तिथे १२ मिमी, आणि खाली दर फुटावर लाकडी पट्टी. ही पट्टी आडवी झोपवू नका, कडेवर उभी लावा. पट्टीची उंची दुप्पट केली की लाकूड दुप्पट लागतं, पण ताठपणा आठपट वाढतो. एवढं ध्यानात ठेवलंत तर जाड प्लायची गरजच पडत नाही.

पॉपलर मऊ असते, तिच्या कडेत मारलेला स्क्रू धक्क्यांनी ढिला होतो. म्हणून आत पट्टी द्या, फेव्हिकॉल लावा, मग स्क्रू त्या पट्टीत जाऊ द्या. सगळं फर्निचर गाडीच्या पत्र्यामागच्या बरगड्यांना रिव्हनट (पत्र्याच्या भोकात पक्कं बसणारं आट्यांचं नट) टाकून बोल्टने आवळा. नुसतं फ्लोअरला नको, ब्रेक लागला की वरचा भाग पुढे झेपावतो.

सिंकखाली आणि दाराजवळ मात्र आयएस ७१० (मरीन प्लायचं भारतीय मानक) शिक्क्याची, पाण्याला टिकणारी मरीन प्लायच घ्या, वजन जास्त असलं तरी. इगतपुरीच्या पावसात ओले बूट तिथेच येणार. कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात द्या, पाणी आधी कडेतून शिरतं. पीव्हीसी फोम बोर्ड हलका आणि पाण्याला चांगला, पण एप्रिलमध्ये उन्हात बंद उभ्या गाडीत तो मऊ पडून वाकतो. त्याची सामानाची फळी करू नका.

सनमायका मी टाळतो. १ मिमीची एक शीट चार किलोंची, दोन्ही बाजूंना लावली की आठ. पातळ प्लायला एकाच बाजूने लावली तर प्लाय वाकते. त्यापेक्षा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश करा.

ड्रॉवरला चुंबकाचा कॅच पुरत नाही, दाबून उघडणारं पुश लॉक बसवा.