इझाकायात साके मागवताना
जपानमधल्या छोट्या इझाकायात, म्हणजे तिथल्या खाण्यापिण्याच्या बारमध्ये, बसताच न मागवलेली खाण्याची एक वाटी समोर येते. ही ‘ओतोशी’. तिचे बहुधा 300 ते 500 येन बिलात लागतात. हुज्जत घालू नका. साकेचं, म्हणजे तांदळाच्या दारूचं, नेहमीचं माप ‘इचिगो’, म्हणजे 180 मिलि. दोघांना सुरुवातीला तेवढी पुरे. गिंजो (जास्त घासलेल्या तांदळाची साके) 10 अंशांच्या आसपास थंडच घ्या, कडक गरम केली की तिचा फळांसारखा वास उडतो. गरमच हवी तर साधी जुनमाई (वरून अल्कोहोल न घातलेली साके) 40-45 अंशांवर मागा. सोबत तेवढंच पाणी प्या. शाकाहारी असाल तर नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही: भाजीच्या रश्शातही बहुतेकदा बोनिटो माशाचा दाशी, म्हणजे अर्क, असतो, पदार्थावर हलणारे तपकिरी पापुद्रेही त्याच माशाचे. म्हणून हे बुकिंग करतानाच सांगा. ऐनवेळी एकटा शेफ वेगळा रस्सा कुठून काढणार?